राखीव विमानाची किंमत

भारताच्या पंतप्रधानांसाठी लांब पल्ल्याचे स्वतंत्र विमान २०२० पर्यंत नव्हते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांना देशात आणि शेजारी देशांत नेण्याचे काम हवाई दल करी. युरोप, अमेरिका किंवा जपान गाठायचे असेल तेव्हा मात्र एअर इंडियाच्या ताफ्यातले एखादे प्रवासी विमान मागून घेतले जाई. ही पद्धत अनेक दशके चालली. मुद्दाम विमान बाळगण्यापेक्षा असलेले वापरणे स्वस्त, असा तिच्यामागचा समज होता. हिशेब उघड झाला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. प्रत्यक्ष उड्डाणाचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान वाटा होता. मोठा वाटा होता विमान कधीही निघू शकेल अशा स्थितीत ठेवण्याचा, आणि ते बिघडलेच तर दुसरे हाताशी असावे यासाठी करायच्या तयारीचा.

हवाई दलाच्या बाजूची सुरुवात १९४७ मधली आहे. दिल्लीच्या पालम तळावर हवाई मुख्यालयाचे कम्युनिकेशन स्क्वाड्रन उभे राहिले आणि महायुद्धातून उरलेल्या डाकोटा विमानांवर त्याचे काम सुरू झाले. ही विमाने दणकट होती, खडबडीत धावपट्टीवरही उतरत. पण त्यांचा पल्ला आणि वेग दोन्ही बेताचे. युरोपला जायचे तर वाटेत अनेक ठिकाणी उतरून इंधन भरावे लागे. ऑक्टोबर १९४९ मध्ये जवाहरलाल नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा लंडनहून वॉशिंग्टनला नेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आपले विमान पाठवले होते. स्वतंत्र होऊन दोनच वर्षे झालेल्या देशाच्या पंतप्रधानांना अटलांटिक ओलांडण्यासाठी यजमानांचे विमान घ्यावे लागले, यात त्या वेळी कुणाला कमीपणा वाटला नाही. साधनेच तेवढी होती. पन्नाशीच्या दशकात या स्क्वाड्रनमध्ये दोन व्हायकाउंट आली, आणि १९५५ मध्ये सोव्हिएत संघाने नेहरूंना इल्युशिन-१४ विमान भेट दिले. तरीही दूरच्या प्रवासाला ही विमाने पुरेशी नव्हती.

ती उणीव भरून काढली एअर इंडियाने. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले आणि भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. १९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. विमाने सरकारी मालकीची, वैमानिक कसलेले, देखभालीची मुंबईतली यंत्रणा नावाजलेली. तेव्हा परदेश दौऱ्यासाठी त्यातले एक विमान घेण्यात काही वावगे आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. फेब्रुवारी १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर तर प्रश्नच मिटला. जेट विमानामुळे लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही आवाक्यात आले.

पण प्रवासी विमान नेत्यांसाठी वापरण्यात एक धोका असतो. त्याची किंमत एअर इंडियाच्या लोकांनी फार लवकर मोजली. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंगला आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरणार होती. तिच्यासाठी चीन सरकारने एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान भाड्याने घेतले होते. पंतप्रधान चौ एन लाय त्याच विमानाने जातील असा अंदाज होता. ते ऐन वेळी गेले नाहीत. ११ एप्रिल रोजी हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघालेल्या या विमानात दक्षिण चीन समुद्रावर बाँबचा स्फोट झाला. कप्तान दामोदर काशिनाथ जटार यांनी पेटलेले विमान समुद्रात उतरवण्याची शिकस्त केली. १९ जणांपैकी १६ जण मृत्युमुखी पडले. वाचले ते तिघे, सगळे विमानाचेच कर्मचारी: सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. ते कित्येक तास पोहत राहून किनाऱ्याला लागले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कर्णिकांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले.

चौकशीत निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. बाँब उड्डाणादरम्यान ठेवलेला नव्हता, तो हाँगकाँगच्या विमानतळावर, विमान थांबलेले असताना, चाकाच्या खोबणीत बसवला गेला होता. संशय विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर होता आणि तो तैवानला पळून गेला. विमान उत्तम स्थितीत होते, वैमानिक अनुभवी होते, हवामान चांगले होते. कमकुवत दुवा होता तो विमान जमिनीवर उभे असतानाच्या त्या थोड्या वेळाचा. इंधन कोण भरते, साफसफाई कोण करते, सामान कोण चढवते, खोबणीत हात कोण घालते, या गोष्टी प्रवासी वाहतुकीत रोजच्या असतात. नेता प्रवासी असला की त्यातली प्रत्येक गोष्ट सुरक्षेचा प्रश्न होते. भाड्याच्या विमानाला पहारा द्यायचा तर तो दौऱ्याच्या कितीतरी आधीपासून द्यावा लागतो, आणि त्या काळात ते विमान दुसऱ्या कुठल्याही कामाला येत नाही.

हवाई दलाच्या स्वतःच्या विमानांची विश्वासार्हताही निर्विवाद नव्हती. साठीच्या दशकात स्क्वाड्रनमध्ये सोव्हिएत बनावटीची टुपोलेव्ह-१२४ जेट विमाने आली. त्यांपैकी ‘पुष्पक’ ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन दिल्लीहून आसाममधील जोरहाटकडे निघाले. रात्रीच्या अंधारात उतरताना ते जोरहाटजवळच्या शेतात कोसळले. मोरारजी आणि त्यांच्यासोबतचे प्रवासी वाचले. विमानाच्या पुढच्या भागात असलेले हवाई दलाचे पाच कर्मचारी ठार झाले. टुपोलेव्ह विमाने पुढे सेवेतून गेली आणि त्यांची जागा बोइंग ७३७ ने घेतली. २००९ मध्ये त्याच जातीची, पण पाहुण्यांसाठी सजवलेली आणि क्षेपणास्त्रांपासून संरक्षण देणारी यंत्रणा बसवलेली तीन विमाने आली: राजदूत, राजहंस आणि राजकमल. पल्ल्याच्या मर्यादेमुळे ती भूतान, नेपाळ, श्रीलंका यांसारख्या जवळच्या देशांसाठी वापरली जात. दूरचा प्रवास एअर इंडियाच्याच जम्बोवर राहिला.

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, म्हणजे जम्बो, १९७१ मध्ये आले. १९९३ पासून ७४७-४०० ही सुधारित जात ताफ्यात दाखल झाली आणि पंतप्रधानांच्या विशेष विमानाची, म्हणजे ‘एअर इंडिया वन’ या नावाने हाक मारल्या जाणाऱ्या उड्डाणाची, रूढ पद्धत तिच्यावरच बसली. सरकारी कागदपत्रांत अशा उड्डाणाला ‘स्पेशल एक्स्ट्रा सेक्शन फ्लाइट’ म्हणत. दौरा ठरला की एक जम्बो वेळापत्रकातून बाहेर काढले जाई. पुढच्या भागातल्या खुर्च्या उचलून तिथे शयनकक्ष, कार्यालय आणि बैठकीची जागा बसवली जाई. सुरक्षा दलाची माणसे विमान ताब्यात घेत, कानाकोपरा तपासत आणि त्यानंतर ते पहाऱ्याखाली राही. मागच्या भागात अधिकारी, सुरक्षारक्षक आणि पत्रकार. दौरा संपला की हे सगळे उलट करायचे: खोल्या काढायच्या, खुर्च्या बसवायच्या आणि विमान पुन्हा सामान्य प्रवाशांसाठी सोडायचे.

हे झाले एका विमानाचे. तशाच प्रकारचे दुसरे जम्बो दौरा संपेपर्यंत राखीव ठेवावे लागे. पहिल्यात बिघाड झाला तर काही तासांत दुसरे निघाले पाहिजे, म्हणून त्यालाही तयार करायचे, त्यालाही पहारा, त्यालाही वैमानिक आणि अभियंत्यांची तुकडी जोडून ठेवायची. एअर इंडियाच्या ताफ्यात शेवटी शेवटी चार-पाचच जम्बो उरली होती, तेव्हाही एका दौऱ्यासाठी त्यांतली दोन अडकत. त्या दिवसांत ज्या प्रवाशांचे तिकीट त्या विमानावर होते त्यांना दुसरे विमान, दुसरी वेळ किंवा रद्द झालेली फेरी पदरी येई. या गैरसोयीची नोंद कुठल्याही दौऱ्याच्या खर्चात होत नसे. राखीव विमान बहुतेक वेळा न उडताच परत वेळापत्रकात जाई, आणि म्हणूनच त्याच्यावर झालेला खर्च लोकांच्या नजरेआड राहिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये असे राखीव राहिलेले विमान पुन्हा प्रवासी सेवेत जाऊन जेद्दाला पोहोचले, तेव्हा त्यात सुरक्षा सरावातल्या हातबाँबसारखी वस्तू सापडली आणि खळबळ उडाली. वस्तू निरुपद्रवी निघाली. पण सुरक्षा दलाच्या ताब्यातले विमान प्रवाशांना परत देताना हस्तांतर किती काटेकोर हवे, हे तेव्हा कळले. साठ वर्षांपूर्वी हाँगकाँगला जमिनीवरचा दुवा एका बाजूने तुटला होता, इथे तो दुसऱ्या बाजूने ढिला पडला.

पत्रकारांना सोबत नेण्याची प्रथाही याच व्यवस्थेचा भाग होती. विमानप्रवास सरकारी खर्चाने, हॉटेलचा खर्च वृत्तसंस्थेचा, अशी वाटणी असे. विमान मोठे होते, जागा होती, आणि परतीच्या वाटेवर पंतप्रधान पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत. त्यातून परराष्ट्र धोरणाची कितीतरी माहिती वाचकांपर्यंत पोहोचत असे. २०१४ नंतर हा ताफा दूरदर्शन, आकाशवाणी आणि वृत्तसंस्था यांच्या मोजक्या माणसांपुरता उरला. त्यातून पैसा फारसा वाचला नाही, कारण विमान तेच उडत होते. वाचकांचे मात्र नुकसान झाले.

या व्यवस्थेची जमाखर्चाची बाजू बराच काळ धूसर होती. एका दौऱ्याचे बिल समजू लागले तेव्हा लोकांचे लक्ष त्याच आकड्यावर खिळले. एप्रिल २०१५ मधल्या फ्रान्स, जर्मनी आणि कॅनडाच्या दौऱ्याच्या विशेष विमानाचे बिल ३१.२५ कोटी रुपये होते. त्याआधी जून २०१४ मध्ये भूतानच्या दौऱ्याला २.४५ कोटी रुपये लागले. डिसेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तराने खरी विभागणी समोर आली. जून २०१४ ते डिसेंबर २०१८ या काळात पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांच्या विशेष विमानांवर ४२९.२५ कोटी रुपये खर्च झाले होते, सुरक्षित दूरध्वनी जोडणीवर ९.११ कोटी, आणि विमानांच्या देखभालीवर १,५८३.१८ कोटी. एकूण आकडा २,०२१ कोटींच्या पुढे गेला. उड्डाणांच्या साडेतीन पटींहून अधिक पैसा देखभालीवर गेला होता. त्याआधीच्या सरकारच्या काळात, २००९-१० ते २०१३-१४ या पाच वर्षांत, याच बाबींवर १,३४६ कोटी रुपये लागले होते. दोन सरकारांच्या आकड्यांची तुलना करून राजकीय वाद झडले, पण देखभालीचा वाटा इतका मोठा का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पहाऱ्याखाली उभ्या असलेल्या राखीव जम्बोत असावे.

शिवाय हे पैसे एअर इंडियाला वेळेवर मिळत नव्हते. माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार सप्टेंबर २०१८ मध्ये अतिविशिष्ट व्यक्तींच्या विमानांपोटी सरकारकडे सुमारे १,१४७ कोटी रुपये थकले होते. त्यांपैकी ५४३ कोटी मंत्रिमंडळ सचिवालय आणि पंतप्रधान कार्यालयाकडचे, ३९२ कोटी परराष्ट्र मंत्रालयाकडचे आणि २११ कोटी संरक्षण मंत्रालयाकडचे होते. काही बिले दहा वर्षांहून जुनी होती. नोव्हेंबर २०१९ अखेरीसही ८२२ कोटी येणे बाकी होते. या काळात कंपनीवर पन्नास हजार कोटींहून अधिक कर्ज होते आणि इंधनाचे पैसे वेळेवर देण्याचीही मारामार होती. एअर इंडिया या थकबाकीमुळे बुडाली असे म्हणता येणार नाही. तिच्या तोट्याची कारणे मोठी आणि जुनी आहेत. पण स्वतः कर्जात असलेल्या कंपनीने देशातल्या सर्वोच्च कार्यालयांना वर्षानुवर्षे उधारीवर विमाने पुरवावीत, हा अन्यायच होता.

राखीव विमानावर एवढा खर्च करण्याची गरज होती का, याचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात सापडते, आणि त्यांतले दोन प्रसंग भारताशीच जोडलेले आहेत. न्यूझीलंडच्या हवाई दलाकडे २००३ मध्ये घेतलेली दोन जुनी बोइंग ७५७ होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये पंतप्रधान जॉन की भारताच्या दौऱ्यावर निघाले आणि विमान ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलला बंद पडले. दुसरे ७५७ मायदेशातून येईपर्यंत वेळ गेला आणि दौऱ्यातला मुंबईचा टप्पा रद्द करावा लागला. मुंबईतल्या व्यापारी भेटींसाठी झालेली तयारी वाया गेली. दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२३ मधल्या दिल्लीच्या जी-२० परिषदेचा. कॅनडाची पोलॅरिस विमाने म्हणजे १९९२ मध्ये प्रवासी कंपनीकडून घेतलेली पाच एअरबस ए-३१०. त्यांतल्या मुख्य विमानाची सजावट खर्चिक असल्याची टीका झाल्यावर पुढे पंतप्रधान झालेल्या जाँ क्रेतिएं यांनी ते वापरायचेच नाकारले होते. परिषद संपल्यावर जस्टिन ट्रुडो यांचे विमान निघण्याआधीच बिघडले आणि त्यांना दोन दिवस दिल्लीत अडकून राहावे लागले. बदली विमान कॅनडाहून निघाले, पण तेही वाटेत लंडनला वळवावे लागले. शेवटी तंत्रज्ञ आणि सुटा भाग दिल्लीला आणून मूळ विमानच दुरुस्त झाले. याच विमानांनी ट्रुडो यांना आधीही दगा दिला होता: २०१६ मध्ये ब्रुसेल्सला निघालेले विमान अर्ध्या तासात ओटावाला परतले होते, आणि २०१९ मध्ये एक पोलॅरिस ओढून नेताना हँगरच्या भिंतीवर आदळून कित्येक महिने निकामी झाले होते.

जर्मनीसारख्या श्रीमंत देशाचीही यातून सुटका झाली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चॅन्सेलर अँगेला मर्केल ब्वेनोस आयरेसच्या जी-२० परिषदेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या एअरबस ए-३४० ची संपर्क यंत्रणाच बंद पडली. विमान कोलोनला परतले आणि मर्केल दुसऱ्या दिवशी माद्रिदहून प्रवासी विमानाने, परिषद सुरू झाल्यावर पोहोचल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबोक अबुधाबीहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना एकाच बिघाडामुळे दोनदा परत फिरल्या आणि दौराच रद्द झाला. त्यानंतर जर्मन हवाई दलाने ती जुनी विमाने ठरल्यापेक्षा आधी काढून टाकली. या सर्व देशांच्या विमानांत एक समान गोष्ट दिसते. विमाने थोडी, वयस्कर आणि सततच्या वापरापासून दूर. प्रवासी कंपनीचे विमान रोज उडते, त्याचे दोष रोज सापडतात आणि सुटे भाग जवळ असतात. नेत्याचे विमान आठवडे उभे असते आणि एकदम पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाते. भारताच्या जुन्या व्यवस्थेत हा दोष नव्हता. जम्बो वापरात असत आणि मुंबईतले अभियंते त्यांची नस न नस ओळखत. त्या विश्वासार्हतेची किंमत मात्र एअर इंडियाने आणि तिच्या प्रवाशांनी दिली.

स्वतंत्र विमाने घेण्याची प्रक्रिया २०११ च्या सुमारास सुरू झाली. एअर इंडियाने आधीच मागणी नोंदवलेल्या बोइंग ७७७-३०० ईआर विमानांपैकी दोन यासाठी निवडली गेली. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी ४,४६९.५० कोटी रुपयांची तरतूद झाली. विमाने जानेवारी २०१८ मध्ये ताब्यात आली आणि आतल्या बदलांसाठी अमेरिकेत डॅलसला गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्रांपासून बचाव करणाऱ्या दोन संचांच्या विक्रीला मान्यता दिली. त्यांची अंदाजे किंमत १९ कोटी डॉलर होती. सगळे धरून प्रकल्पाचा खर्च सुमारे ८,४०० कोटी रुपये असल्याचे वृत्तपत्रांनी दिले. पहिले विमान १ ऑक्टोबर २०२० रोजी दिल्लीत उतरले, दुसरे त्याच महिन्याच्या अखेरीस. विमाने हवाई दलाच्या ताब्यात गेली. देखभाल एअर इंडियाच्याच जुन्या अभियांत्रिकी शाखेकडे राहिली, जी कंपनीच्या विक्रीच्या वेळी सरकारने स्वतःकडे ठेवली. २६ मार्च २०२१ रोजी पंतप्रधान मोदी या विमानाने पहिल्या परदेश दौऱ्यावर, बांगलादेशला गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्ली ते वॉशिंग्टन हे अंतर वाटेत न थांबता पार पडले. पूर्वी जम्बोला इंधनासाठी फ्रँकफर्टला थांबावे लागे.

चार इंजिनांऐवजी दोन, मोठा पल्ला, स्वतःची संरक्षण यंत्रणा आणि कायमची दोघांची जोडी: विश्वासार्हतेच्या दृष्टीने ही व्यवस्था पूर्वीपेक्षा नक्कीच चांगली आहे. पण विमान नवे असले म्हणून वाट मोकळी असतेच असे नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पाकिस्तानने राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या विमानांना हवाई हद्द नाकारली तेव्हा लांबचा वळसा घ्यावा लागला होता. अशा प्रसंगी उपयोगी पडतो तो पल्लाच. बिघाडही टळत नाहीत. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झारखंडच्या देवघर विमानतळावर पंतप्रधानांना नेणारे हवाई दलाचे एक विमान तांत्रिक कारणाने अडकले आणि दुसरे पाठवावे लागले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि विमान मागून घेण्याचा जुना मार्ग कायमचा बंद झाला. नेत्यांना वाहून नेणारे शेवटचे जम्बो २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उडाले, ते अमेरिकेत सुटे भाग होण्यासाठी. खर्च आता हवाई दलाच्या हिशेबात आहे. संसदेत दौऱ्यांच्या खर्चाचे प्रश्न येतात आणि उत्तरेही मिळतात, पण त्यांत विमानांची किंमत येत नाही. मार्च २०२५ मध्ये राज्यसभेला सांगण्यात आले की मे २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळातल्या ३८ दौऱ्यांवर सुमारे २५८ कोटी रुपये खर्च झाले. हा आकडा एकट्याने फारच अपुरा आहे. विमानांची खरेदी, वर्षभराची देखभाल आणि राखीव विमानाची तयारी यांचा खर्च दरवर्षी एकाच ठिकाणी, एकाच मंत्रालयाने संसदेसमोर ठेवला पाहिजे. २०१८ च्या त्या उत्तरात विभागणी मागितली गेली म्हणून मिळाली. यापुढे ती न मागता मिळायला हवी.